बर्फ, भट्टी आणि घराचा उंबरठा

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तह आणि गादीवर बसणारे व गादीवरून उठविले जाणारे पुरुष उभे राहतात. स्वयंपाकघरालाहि इतिहास असतो हें मान्य करण्यास विद्वान मंडळी सहसा तयार नसतात. आणि मान्य केलेंच तर पुरणपोळी, मोदक अशा कुलशीलवंत पदार्थांपुरतेंच. उन्हाळ्याच्या सुटींत मराठी मध्यमवर्गाच्या घरोघरीं पॉटमध्यें फिरविलेलें आइस्क्रीम आणि भट्टीवरून भाजून आणलेली नानकटाई यांच्याकडे इतिहासाचा विषय म्हणून कोणी पाहत नाहीं. एका पक्षाच्या मतें ही निव्वळ साहेबाची नक्कल. दुसऱ्या पक्षाच्या मतें हा आपल्या वाडवडिलांचा जुना सुखाचा थाट. आमच्या मतें या दोन्ही पक्षांनीं पुरावा नीट पाहिलेला नाहीं. हे दोन पदार्थ आपल्या घरांत कसे आले याची हकीकत पाहिली, तर एका समाजानें आपल्या उंबरठ्याशीं केलेल्या तडजोडींची ती हकीकत आहे असें दिसून येईल. तीच आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

आरंभ अर्थात् बर्फापासून केला पाहिजे. उष्ण देशांत उन्हाळ्यांत थंडावा मिळविणें हें प्राचीन काळापासून सत्तेचें व संपत्तीचें लक्षण मानलें गेलें आहे. अबुल फज्लनें ‘आईन-इ-अकबरी’ मध्यें बादशहाच्या पाणीखात्याचें जें वर्णन केलें आहे, त्यांत सोऱ्याच्या साह्यानें पाणी गार करण्याची रीति सांगितली आहे. तोंड बंद केलेल्या भांड्यांत पिण्याचें पाणी भरावयाचें, आणि सोरा विरघळविलेल्या पाण्यांत तें भांडें कांहीं वेळ हलवीत राहावयाचें. सोरा पाण्यांत विरघळतांना उष्णता शोषून घेतो व आंतलें पाणी गार होतें. ज्या सोऱ्यापासून तोफेची दारू करावयाची त्याच सोऱ्यानें पाणी थंड करावयाचें, हा योग चमत्कारिक खरा! पुढें १५८६ च्या सुमारास दरबार पंजाबांत गेल्यावर उत्तरेकडील डोंगरांतून लाहोरला बर्फ येऊं लागला. तो नावेनें, गाड्यांनीं व हमालांच्या खांद्यावरून येई. उन्हाळ्यांत सर्व दर्जाचे लोक बर्फ वापरतात आणि अमीर-उमराव बारमहा वापरतात, असेंहि त्या ग्रंथांत म्हटलें आहे. परंतु लाहोरच्या बाजारांत जें मिळत होतें तें दक्षिणेंत स्वप्नांतहि मिळण्यासारखें नव्हतें. कारण हिमालय कोणाच्या हुकमानें सह्याद्रीजवळ येत नाहीं.

जेथें डोंगर जवळ नव्हता तेथें माणसानें युक्ति काढली. सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्यानें १७७५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत अलाहाबादकडे बर्फ कसा करतात याचें वर्णन प्रसिद्ध केलें. मोकळ्या मैदानांत सुमारें तीस फूट लांब-रुंद व दोन फूट खोल असे खड्डे खणावयाचे, त्यांत उसाच्या किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांचा थर पसरावयाचा, त्यावर मातीचीं उथळ, सच्छिद्र पात्रें ओळीनें मांडावयाचीं आणि संध्याकाळीं तीं पाण्यानें भरावयाचीं. हिंवाळ्यांतील निरभ्र व निवांत रात्रीं पाण्यांतील उष्णता आकाशाकडे निघून जाई, पात्राच्या छिद्रांतून होणारें बाष्पीभवन तिला मदत करी, आणि खालचा ताटांचा थर जमिनीची ऊब वर येऊं देत नसे. पहाटे पात्रांतून बर्फाच्या पापुद्र्या निघत. सूर्य उगवण्यापूर्वीं मजूर त्या गोळा करीत व खोल तळघरांत दाबून ठेवीत. ज्या प्रदेशांत डबक्यांतील पाणी निसर्गतः गोठत नसे, त्या प्रदेशांत ही विद्या चालत होती. ती पुस्तकांत लिहिली गेली ती परक्या माणसाच्या हातानें. ज्यांच्या बोटांस पहाटेची ती थंडी झोंबली त्यांचीं नांवें मात्र कोठें नोंदलेलीं नाहींत.

एकोणिसाव्या शतकांत या कथेंत एक अमेरिकन व्यापारी प्रवेश करतो. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनें १८०६ सालीं आपल्या प्रांतांतील गोठलेल्या तळ्याचा बर्फ गलबतांत घालून वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटास नेला, तेव्हां त्याच्या गांवच्या लोकांनीं त्याची थट्टा केली. पाणी विकावयास समुद्रापार जाणाऱ्या माणसाला वेडा म्हणूं नये तर काय म्हणावें? पहिलीं कांहीं वर्षें त्याला तोटा आला आणि कर्जापायीं तुरुंगहि पाहावा लागला. परंतु त्यानें धंदा सोडला नाहीं. घोड्यांनीं ओढावयाच्या करवतींनीं तळ्यावरील बर्फाचे चौकोनी ठोकळे कापण्याची सोय झाली, लांकडाच्या भुशांत ते नीट रचले म्हणजे फार दिवस टिकतात हें अनुभवानें कळलें, आणि मग १८३३ च्या मे महिन्यांत ‘टस्कनी’ नांवाचें जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्यास निघालें. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदां ओलांडावयाचें. तरी सप्टेंबरांत जहाज हुगळींत शिरलें तेव्हां सुमारें १०० टन बर्फ शिल्लक होता. कंपनी सरकारनें त्यावरील जकात माफ केली. भुसा ही वस्तु किती क्षुद्र! पण तिच्यावांचून हा व्यापार एक दिवसहि चालता ना.

पुढल्याच वर्षीं, म्हणजे १८३४ सालीं, हा बर्फ मुंबईस आला. तेथें एका पारशी पेढीनें त्याची अडत घेतली होती, आणि तो चार आणे रत्तल या भावानें विकला जात होता. त्या काळचे चार आणे म्हणजे मजुराच्या दिवसभराच्या कमाईहूनहि जास्त. तेव्हां बर्फ कोणाच्या घरीं जात असेल हें निराळें सांगावयास नको. त्याच वर्षीं, पुढें ‘सर’ झालेले जमशेटजी जिजीभाई यांनीं आपल्या मेजवानींत पाहुण्यांस आइस्क्रीम दिलें, आणि त्यानंतर यजमान व पाहुणे या सर्वांना पडसें झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ नें दिली, अशी गोष्ट मुंबईच्या इतिहासकारांनीं नमूद केली आहे. ही बातमी वाचून आपणांस हंसूं येतें. पण नव्या पदार्थाविषयींचा समाजाचा पहिला अभिप्राय बहुधा असाच असतो. जें आपल्या ओळखीचें नाहीं तें बाधलें पाहिजे, असें मन आधींच ठरवून बसतें.

१८४३ च्या सुमारास मुंबईच्या कोटांत या बर्फासाठीं खास ‘आइस हाउस’ बांधण्यांत आलें. आज त्या जागीं के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट ही प्राच्यविद्येची संस्था उभी आहे. मद्रासचें आइस हाउस मात्र अद्यापि शाबूत आहे; १८९७ सालीं स्वामी विवेकानंद पश्चिमेकडून परत आल्यावर त्याच इमारतींत राहिले होते. १८४६-४७ च्या हिंवाळ्यांत अमेरिकेंतील वॉल्डन तळ्यावर ट्यूडरच्या मजुरांनीं बर्फ कापला, तेव्हां कांठावर राहणारा थोरो हा तत्त्वज्ञ तें पाहत होता. १८५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत, मद्रास, मुंबई व कलकत्ता येथील लोक आपल्याच तळ्याचें पाणी पितात, असा विचार त्यानें मांडला. थोरोला या कल्पनेंत आनंद झाला. परंतु मुंबईंतील एखाद्या सोंवळ्या गृहस्थास तोच प्रश्न उलट पडला असता: हें पाणी कोणी भरलें, कोणी शिवलें, आणि तें मीं प्यावें काय? आमच्या विषयाचें मर्म या प्रश्नांत आहे.

त्याकडे वळण्यापूर्वीं आइस्क्रीमच्या पॉटची थोडी ओळख करून घेऊं. १८४३ सालीं फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईनें हातानें फिरवावयाच्या यंत्राचें पेटंट घेतलें. बाहेर लांकडी बादली, आंत धातूचा डबा, डब्यांत दूध घुसळणारें पातें आणि वर फिरवावयाची मूठ. आपल्या घरांत आलेला पॉट याच वंशांतला. बादली व डबा यांमधील पोकळींत बर्फाचे खडे आणि जाडें मीठ यांचे थर भरावयाचे. मिठामुळें बर्फ शून्य अंशाच्याहि खालीं वितळूं लागतो. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारें ८० कॅलरी उष्णता लागते. ती उष्णता त्याला जवळच्या डब्यांतूनच ओढून घ्यावी लागते, म्हणून आंतलें दूध गोठतें. बर्फ व मीठ यांचें प्रमाण अगदीं नेमकें असेल तर हें मिश्रण शून्याखालीं २१ अंशांपर्यंत उतरूं शकतें. घरच्या बादलींत एवढा कडाका येत नाहीं. परंतु साखर घातलेलें दूध शून्याखालीं दोन-तीन अंशांवर गोठूं लागतें, त्यामुळें तेवढें पुरतें. मूठ सतत फिरवावी लागते ती बर्फाचे कण मोठे होऊं नयेत आणि दुधांत थोडी हवा मिसळावी म्हणून. अकबराच्या पाणीखात्यांतील सोरा आणि आपल्या बादलींतील मीठ हीं दोन्ही एकाच तत्त्वाचीं अपत्यें आहेत.

१८८० च्या आगेंमागें कलकत्ता-मद्रासकडे यंत्रानें बर्फ करणाऱ्या कंपन्यांनीं जम बसविला आणि बोस्टनचा व्यापार बुडाला. बर्फ स्वस्त झाला. पुढें आगगाडीच्या वाटेनें कारखाने पसरत गेले, आणि भुशांत गुंडाळलेली, गोणपाटाखालीं झांकलेली बर्फाची लादी मोठ्या गांवांच्या बाजारांत दिसूं लागली. जी वस्तु अमीर-उमरावांची होती ती कारकुनाच्या, शिक्षकाच्या व वकिलाच्या आटोक्यांत आली. पण आटोक्यांत येणें आणि घरांत येणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

त्या काळच्या पांढरपेशा हिंदु घराची अडचण पैशाची तेवढी नव्हती. अन्न कोणाच्या हातचें आहे हा तेथें पहिला प्रश्न होता. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें न्यायमूर्ति रानडे, टिळक आदि मंडळींपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. कोणी तीं घेतलीं, कोणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापविलीं आणि पुण्यांत मोठें वादळ उठलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, प्रायश्चित्तें झालीं, घराघरांत भांडणें लागलीं. एक कप चहा व एक बिस्किट यांनीं ज्या समाजांत ग्रामण्य माजतें, त्या समाजांत परक्या कारखान्यांतला बर्फ आणि परक्या भट्टींतला विस्तव हे किती संकोचाचे विषय असतील याची आज कल्पनाहि करवत नाहीं. पावाविषयीं तर लोकांच्या मनांत पिढ्यान् पिढ्या धास्ती होती. पोर्तुगीजांच्या अमलांत विहिरींत पाव टाकून गांवेंच्या गांवें बाटविल्याच्या कथा वसई-गोमंतकाकडे सांगितल्या जात. त्यांत खरें किती हा प्रश्न वेगळा. पण भीति खरी होती, आणि समाजाचा व्यवहार वस्तुस्थितीइतकाच भीतीनेंहि ठरत असतो.

अशा समाजानें आइस्क्रीम स्वीकारलें कसें? आमच्या समजुतीप्रमाणें या कोड्याचें एक उत्तर त्या पॉटच्या रचनेंतच आहे. सरबतांत बर्फ टाकला तर तो पोटांत जातो. पॉटमध्यें बर्फ दुधाला शिवतच नाहीं. दोहोंच्या मध्यें कल्हईच्या डब्याची भिंत असते. डब्याबाहेर कारखान्याचा बर्फ, बाजारचें मीठ, गोणपाट, भुसा. आंत घरचें आटविलेलें दूध, साखर, वेलदोडा आणि हापूसचा रस. दूध हा मुळांतच पवित्र मानलेला पदार्थ, आणि तें घरच्या चुलीवर तापलेलें. ज्या आजीबाई बाजारचें कांहीं तोंडांत घालीत नसत त्यांनाहि या आइस्क्रीमचा एक चमचा घेण्यास शास्त्राची आडकाठी उरत नव्हती. नॅन्सीबाईंना आपल्या डब्याचा असा उपयोग होईल हें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. पण यंत्र एक हेतु धरून जन्मतें आणि समाज त्याला दुसऱ्याच कामाला लावतो, याचीं उदाहरणें इतिहासांत हवीं तेवढीं आहेत.

नानकटाईची गोष्ट याच्या बरोबर उलट आहे. आइस्क्रीमसाठीं बाहेरची वस्तु घरांत आली. नानकटाईसाठीं घरची वस्तु बाहेर गेली. या पदार्थाचें माहेर सुरत. तेथें डच वखारवाल्यांसाठीं भट्टी चालत असे. डच निघून गेल्यावर ती दोटीवाला नांवाच्या पारशी घराण्याकडे आली आणि त्यांच्या हातीं नानकटाईला हल्लीचें रूप आलें, अशी आख्यायिका आहे. नांवांतील ‘नान’ हा शब्द रोटी या अर्थीं फारसींतून आलेला आहे. ‘खताई’ चा संबंध कित्येक चीनच्या ‘खता’ या जुन्या नांवाशीं जोडतात. कसेंहि असो, तिचे गुण मात्र आमच्या समाजाला सोईचे होते. पाव फुगविण्यास गोव्याचे पोदेर ताडामाडाची सूर वापरीत. केक म्हटला कीं त्यांत अंडें आलें. नानकटाईंत यांतलें कांहींच लागत नाहीं. मैदा किंवा रवा, तूप, पिठीसाखर, चिमूटभर सोडा आणि वर चारोळी किंवा पिस्त्याची कातरी. तूप व साखर परातींत तळहातानें पांढरें शुभ्र होईपर्यंत फेसणें हेंच काय तें कौशल्य.

घरीं अडचण एकच होती: चूल खालून तापते, आणि भाजण्याला चोहोंकडून सारखी आंच हवी. कोणी पातेल्यांत वाळू तापवून वरच्या झांकणावर निखारे ठेवीत. पण शेकड्यानें नानकटाई करावयाची तर बेकरीवरच जावें लागे. बेकरी बहुधा इराण्याची, मुसलमानाची किंवा गोमंतकी ख्रिस्ती माणसाची. म्हणून पीठ घरीं मळावयाचें, तूप घरचें घ्यावयाचें, गोळे घरच्या माणसांनीं वळावयाचे आणि पत्र्याच्या ट्रेमध्यें मांडून पोरांनीं डोक्यावरून न्यावयाचे. भट्टीवाल्यानें फक्त आपला विस्तव द्यावयाचा व त्याबद्दल भाजणावळ घ्यावयाची. आमच्या लहानपणापर्यंत हा रिवाज चालू होता, आणि मे महिन्याच्या दुपारीं बेकरीच्या दारांत अशा ट्रेंची रांग आम्हीं पाहिली आहे. दारांत बसून आपला ट्रे कोणता यावर लक्ष ठेवणाऱ्या मुलांना तें सोंवळें-ओंवळें माहीतहि नव्हतें. त्यांना भीति एवढीच कीं शेजारच्यांच्या ट्रेमधील पातळ तुपाची नानकटाई आपल्या डब्यांत येईल!

या दोन तडजोडींचा निवाडा कसा करावा? जातिभेद मोडला असें म्हणणें हें शुद्ध अतिशयोक्तीचें होईल. डब्याची भिंत आणि घरचें पीठ यांनीं जुने निर्बंध मोडले नाहींत. त्यांना वळसा घातला. ज्याच्या भट्टींत आपली नानकटाई भाजली त्याच्या घरीं पाणी पिण्यास त्याच कुटुंबांतील वडील माणसें कदाचित् तयार झालीं नसतीं. तथापि वळसा घालणाऱ्याच्या पायांखालीं वाट तयार होते हेंहि तितकेंच खरें. ज्या घरांतील मुलें दर उन्हाळ्यांत त्या भट्टीपाशीं बसलीं, त्यांनीं पुढें त्याच बेकरीचा पाव घरीं आणला. त्यासाठीं त्यांना कोणतीहि चळवळ करावी लागली नाहीं. रानडे-टिळकांच्या पिढीस ज्यासाठीं प्रायश्चित्ताचा वाद करावा लागला, तें दोन-तीन पिढ्यांत सकाळच्या न्याहारींत बसलें. सभांतील ठरावांनीं आणि सुधारकांच्या लेखांनीं जें झालें त्याचा मान त्यांस द्यावाच. पण पत्र्याच्या ट्रेचाहि थोडा वांटा मान्य करावा, एवढेंच आमचें म्हणणें.

दुसरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय ही हकीकत प्रामाणिक होणार नाहीं. ‘घरचें आइस्क्रीम’ असें आपण कौतुकानें म्हणतों, त्यांतील श्रमांची वांटणी सारखी नव्हती. मूठ फिरविण्याचा मान मुलांचा, बर्फ फोडण्याचें शौर्य पुरुषांचें. हीं दोन्ही कामें अंगणांत, सर्वांच्या देखत होत आणि त्यांची वाखाणणी होई. ऐन वैशाखांत चुलीपुढें उभें राहून चार-सहा शेर दूध आटविणें, रस गाळणें, खारें पाणी आंत झिरपूं नये म्हणून डब्याचें झांकण तपासणें, आणि शेवटीं तेलकट पराती व मिठानें गंजूं पाहणारी बादली घासणें हीं कामें स्वयंपाकघरांत होत, आणि तीं करणाऱ्या बायकांच्या वांट्याला पुष्कळदां तळाशीं वितळलेलें चमचाभर आइस्क्रीम येई. अलाहाबादच्या खड्ड्यांवरील मजुरांचीं नांवें लागत नाहींत, तशींच यांचींहि लागत नाहींत. जुन्या उन्हाळ्यांच्या आठवणी काढणाऱ्यांनीं हा हिशेब विसरूं नये.

१९५८ सालीं गोदरेज कंपनीनें या देशांत रेफ्रिजरेटर बनविण्यास आरंभ केला, आणि पुढील दोन-तीन दशकांत तें कपाट मध्यमवर्गाच्या घरांत येऊन बसलें. पॉट माळ्यावर गेला. नंतर विजेची लहान भट्टीहि आली, आणि ट्रे डोक्यावर घेऊन जाण्याचें कारण उरलें नाहीं. आतां थंडी व आंच दोन्ही घरांतच, एका बटणाखालीं आहेत. बाहेरच्या कोणाकडे मागावयास जावें लागत नाहीं. बायकांचे श्रम त्यामुळें कमी झाले, ही आम्ही मोठी प्राप्ति समजतों, आणि जुना पॉट पुनः खालीं काढा असा उपदेश करण्याचा आमचा मुळींच विचार नाहीं. मात्र एक फरक नमूद करावासा वाटतो. ज्या काळीं आपला समाज परक्याचा हात टाळण्याची एवढी खटपट करीत होता, त्या काळीं उन्हाळ्याच्या एका वाटीसाठीं त्याला बर्फवाल्याची लादी आणि इराण्याची भट्टी लागत होती. तोंडानें कोणी कबूल करो वा न करो, गोडाच्या निमित्तानें दहा परक्यांशीं व्यवहार घडत होता. आतां तो निर्बंध जवळजवळ गेला आहे, आणि गरजहि गेली आहे. दारें उघडीं झालीं तेव्हां त्यांतून जाण्याचें कारणच उरलें नाहीं, असें होऊं देणें न देणें हें यंत्राच्या हातीं नसून आपल्या हातीं आहे. घरीं केलेली नानकटाई शेजारच्या बिऱ्हाडीं, मग तें कोणाचेंहि असो, पाठविण्यास अजून तरी कोणाची मनाई नाहीं.